पिसे काढण्याच्या यंत्रावरचे लाल बटण

मित्रांनो, पावसाळ्यात उकिरड्यावर कुत्र्याची छत्री उगवते ना, त्याच आकाराचे पण लालभडक असे एक जुने बटण आहे मी. बार्शीटाकळीच्या बाहेर कोंबड्या साफ करून अकोल्याला पाठवणारा एक कारखाना आहे. तिथल्या पिसे काढण्याच्या यंत्राच्या कडेला माझा मुक्काम.

किशोर नावाच्या वायरमनने मला बसवले, फडक्याने पुसले आणि जमलेल्या बायांना सांगितले, "कोनाचा हात अडकला तं हे दाबाचं. यंत्र जागच्या जागी गप." एवढे मोठे ते धूड, गरगर फिरणारी त्याची रबरी बोटे, आणि त्याला गप करणारे कोण, तर मी. कित्येक दिवस मी हवेतच होते.

पण मला दाबणार कोण? यंत्र थांबले की मागे पिसे सैल व्हावीत म्हणून कढत पाण्यात बुडवलेल्या कोंबड्या शिजून जातात आणि पुढे सगळा माल अडतो. एकदा कोंबडीचा पंख अडकला म्हणून एकीने मला दाबले, तर मुकादम शेषराव केवढ्याने तरी ओरडले.

"उठसूट बटन दाबसान तं गाडी कवा भरसान? पंखच अडकला ना? हातानं काढा."

झाले. तेव्हापासून चालत्या यंत्रात हात घालून पंख ओढायची सगळ्यांना सवयच लागली. माझ्यावर चरबीचे पुट चढले. रोज कुणाचा ना कुणाचा हात त्या रबरी बोटांत जाताना मी पाहायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

माझी विचारपूस करणारी एकटी आशाबाई. ती यंत्राला अगदी खेटून काम करायची. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली तेव्हा तिने माझ्यासाठी वेगळा झेंडूचा हार आणला. "हेच तं राखते आपल्याले," असे म्हणत तिने तो माझ्या डोक्याखाली सुतळीने गच्च वेढे देऊन बांधला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझे कौतुक केले होते. मी लाजून आणखी लाल झाले.

तिच्याजवळ काम करणारी माया त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. परत आल्यावर तिने हार पाहिला.

"मावशी, हे फुलं काढू का? बटन दबन का याच्यानं?"

"राहू दे वं. पूजेचे फुलं आये ते. सुकले की पडतीन आपसूक."

मायाचा हात माझ्यापर्यंत आला होता. दुसऱ्याच्या पूजेला आपण काहून हात लावा, असे वाटून तिने तो मागे घेतला.

फुले सुकली, पण पडली नाहीत. वाफेने सुतळी फुगून आणखी आवळली. आणि एका सकाळी पंख ओढता ओढता आशाबाईचा सैल हातमोजा यंत्राने धरला. मोज्यासोबत हात आत जाऊ लागला.

"माया, बंद कर वं, बंद कर."

मायाने मला तळहाताने हाणले. मी खाली जाईना. तिने दोन्ही हातांनी दाबले. मी जिवाच्या आकांताने खाली सरकत होते, पण डोक्याखाली हार ठासून बसलेला. शेषराव भिंतीवरच्या मुख्य स्विचकडे धावले, तो लांब पार पलीकडे. मायाने हारात बोटे रुतवली, नखे मोडली, सगळा गुंता ओरबाडून काढला आणि मला दाबले.

यंत्र गप झाले.

आशाबाईचा हात वाचला. त्या हाताची दोन बोटे मात्र मोडली.

बऱ्याच दिवसांनी ती कामावर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"हे आत जाते, हे मले ठाऊकच नव्हतं वं माया. मी याले कधी दाबलंच नाही."

"मंग आता दाबा."

"पन यंत्र चालू आये ना."

"चालू आये म्हनूनच."

आशाबाईने शेषरावांकडे पाहिले. पुढे गाडी भरायची खोळंबली होती. शेषरावांनी होकारार्थी मान हलवली. मग तिने आपला धड हात पुढे केला. मी सरकन खाली गेले. सगळी रबरी बोटे थांबली. ती थांबलेली बोटे आशाबाई कितीतरी वेळ पाहत राहिली, आणि कुणीही तिला घाई केली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचे कुणी गिरणीत, कापसाच्या जिनिंगमध्ये, मळणी यंत्रावर काम करत असेल. आज ते घरी आले की विचारा, तिथले लाल बटण कुठे आहे आणि ते शेवटचे कधी दाबले. त्यांना आठवले नाही, तर उद्याच दाबून पाहायला सांगा. आमच्या अंगावर धूळ बसली तरी आम्ही रागावत नाही. फक्त हात आमच्यापर्यंत पोचू द्या.