त्रिवेणीबाईंचं अनुमोदन

"त्रिवेणीबाई, रविवारी तुमचं एक अनुमोदन पाहिजे," एकनाथराव खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. "अध्यक्षपदाला माझं नाव मंडळाचे विकासराव सुचवायलेत. शाळेकडून कुणी बाई उठली तर बरं दिसतंय."

जामबागच्या शाळेच्या कचेरीत त्रिवेणीबाई तेवीस वर्षं कारकून होत्या, आणि एकनाथराव तिथले जुने मुख्याध्यापक. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी आपण फाटकातून शिरलो की शिपायाने उठून उभं राहावं ही त्यांची अपेक्षा काही रिटायर झाली नव्हती. चिक्कडपल्लीचं मराठी मंडळ, ही शाळा, बरकतपुऱ्यातला एक दवाखाना आणि वस्तीतल्या बायकांचा गट अशा चौघांनी मिळून 'सोबत' नावाचं काम काढलं होतं. मार खाल्लेल्या, धसका घेतलेल्या माणसांना, त्यातही मुलांना, आसपासच्याच लोकांनी आधार द्यायचा. आणि त्या कामाचे अध्यक्ष कोण होणार, तर एकनाथराव! त्रिवेणीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र त्या म्हणाल्या, "हौ सर. देते की."

तो माणूस विसरला होता, हेच त्यांना सगळ्यात जास्त डाचत होतं.

वीस वर्षांपूर्वी त्यांची अश्विनी याच शाळेत आठवीत होती. कॉपी केल्याच्या संशयावरून एकनाथरावांनी तिला नकाशांच्या खोलीत कोंडलं आणि स्वतः कोठी भागात मीटिंगला निघून गेले. दिवस शनिवारचा, शाळा अर्धी. पाच तासांनी दार उघडलं तेव्हा पोरीचा स्कर्ट ओला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. वर सोमवारी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर तिलाच माफी मागायला लावली. कॉपी तर तिने केलीच नव्हती. आज अश्विनी तेहेतीस वर्षांची आहे. न्हाणीघराचं दार ती लावून घेत नाही. लिफ्ट नको म्हणून ऑफिसचे पाच मजले चढून जाते. दोन स्थळं याच पायी मोडली.

तो आठवडा त्रिवेणीबाईंनी चवीने घालवला. डाळीला फोडणी देताना, बसमध्ये दांडी धरून उभं असताना त्या मनातल्या मनात बोलून बघत, आणि एकनाथरावांचा पडलेला चेहरा बघून गालातल्या गालात हसत. वीस वर्षांचा वचपा एका दिवसात काढायचा होता, घाई करून चालणार नव्हतं. दवाखान्यातली समुपदेशक प्रणिता दर बुधवारी सगळ्यांना शिकवायची, "ज्याची गोष्ट त्यानंच सांगायची. दुसऱ्याची सांगायची असली तर अगोदर त्याला विचारायचं." त्रिवेणीबाईंनी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं. पण आपलं पोर दुसरं कसं होईल?

रविवारी मंडळाचा हॉल भरला. मंडळाची रीत ठरलेली. एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने 'अनुमोदन आहे' म्हणायचं, टाळ्या, की लगेच उपमा आणि चहा. अनुमोदनाला उठलेल्या माणसाने तीन शब्दांपुढे बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. विकासरावांनी नाव सुचवलं. त्रिवेणीबाई पदर सारखा करून माइकपाशी गेल्या.

"अनुमोदन द्यायच्या आधी सरांची एक ओळख करून देते," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. खोली सांगितली, पाच तास सांगितले, स्कर्ट सांगितला, लिफ्टही सांगितली. आवाज एकदासुद्धा कापला नाही. "तर अशा माणसाच्या हाती आपली लेकरं द्यायची असली, तर खुशाल द्या."

एकनाथराव अर्धवट उठले. "अहो, तो काळच वेगळा होता. शिस्त म्हणून..." पुढचं कुणी ऐकलं नाही. विकासरावांनी नाव मागे घेतलं. सर स्टेजच्या पायरीवर चष्मा चाचपत उभे राहिले आणि कुणीही त्यांचा हात धरायला पुढे झालं नाही. ते बघून त्रिवेणीबाईंना पोटभर जेवल्यासारखं वाटलं. मंडळाच्या सावित्रीबाईंनी तर त्यांना मिठीच मारली. "वाघीण आहेस बाई तू!"

अश्विनी दाराशी उपम्याच्या प्लेटा मांडत होती. आता सगळा हॉल तिच्याकडे वळून बघत होता. एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आता झोप लागते का गं तुला?" अश्विनीने हातातली प्लेट ठेवली आणि बाहेर गॅलरीत गेली. त्रिवेणीबाई लगबगीने मागे गेल्या.

"बघितलीस? कसं तोंड उतरलं मेल्याचं!"

"मला विचारलीस का तू, आई?"

"अगं, तुझ्यासाठीच तर केले."

"माझ्यासाठी?" अश्विनी वळली. "तेव्हा सोमवारी सरांनी मला सगळ्यांसमोर उभी केली. आज तू केलीस. मी वीस वर्षं कुणाला कळू दिले नव्हते स्कर्टचे. आणि सांगायचेच होते, तर अर्धेच का सांगितलीस? चाबी तुझ्या टेबलावर होती, आई. मी दार वाजवायले होते. तुला ऐकू यायले होते."

त्रिवेणीबाईंना ऐकू येत होतं. माझ्याशिवाय उघडायचं नाही, असं सर सांगून गेले होते. नोकरीला तिसरं वर्ष होतं, कायम व्हायचं होतं. त्या पाचही तास त्यांनी मान खाली घालून दाखले लिहिले होते. सरांवर जळता जळता हे एवढं त्यांनी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. अश्विनी जिना उतरून गेली.

त्या हॉलमध्ये परतल्या. माइकची वायर गुंडाळून ठेवली होती. लोक प्लेटा घेऊन घोळक्याने खात होते. सर अजून कोपऱ्यात रिक्षाची वाट बघत बसले होते. त्रिवेणीबाई मघाच्याच जागी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं बोलणं संपलं नव्हतं," त्या म्हणाल्या. दोन-तीन माणसांनी तेवढं वळून बघितलं. "आता सांगते ते माझं स्वतःचं आहे. त्या दिवशी खोलीची चाबी माझ्याकडं होती."

सावित्रीबाईंचा चमचा हातातच राहिला. त्रिवेणीबाई थांबल्या नाहीत. उभ्याने, माइकशिवाय, दाखला वाचून दाखवावा तशा त्या पाच तासांतला एकेक तास सांगत राहिल्या.