केतन आउट होता का?

केतनला जन्मठेप झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अलिबाग–मुरुड एसटीत एकशे बारा जीव चढले-उतरले. त्यांतल्या एकशे नऊ जणांना सगळं आधीपासूनच ठाऊक होतं. उरलेल्या तिघांत दोघं पुण्याहून किल्ला बघायला आलेले होते आणि तिसरा पिशवीतला कोंबडा होता.

“मी तेव्हाच बोललो होतो, ह्यो सुटत न्हाय म्हणून,” गुणाजी म्हणाला. “एक मुरुड दे.”

“कुठे बोलला होतात, काका?” कंडक्टर रचनाने तिकीट फाडता फाडता विचारलं.

“घरात.”

“घरात कोण होतं?”

“कोन न्हाय. म्हणून तर बोललो.”

रचनाने सुटे पैसे दिले. ज्याच्या खुनाबद्दल केतनला शिक्षा झाली तो रत्नपाल तिचा सख्खा भाऊ, आणि हे गाडीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून प्रत्येक जण तिकिटासोबत तिला थोडा न्यायही देत होता. एका मावशीने तर केळं दिलं.

झालं होतं ते असं. सहा वर्षांपूर्वी पाडळखारच्या मैदानात टेनिस बॉलची फायनल होती. पाडळखार विरुद्ध रेवदंडा. ठरलेला पंच दिघीला अडकला, फेरीबोट चुकली. नियम तोंडपाठ असलेला माणूस गावात एकच होता, बौद्धवाडीतला रत्नपाल. त्याला उभं केलं. शेवटची जोडी, जिंकायला दोन धावा. केतन पहिल्याच धावेला हातभर मागे राहिला आणि रेवदंड्याच्या कमलेशने स्टंप उडवला. रत्नपालने बोट वर केलं.

“तुमच्यातला आम्हाला बोट दाखवणार?” केतन म्हणाला आणि त्याने तोच स्टंप उचलला.

मैदानावर चारशे माणसं होती. पुढे कोर्टात असं निष्पन्न झालं की, त्या क्षणी सगळी चारशे माणसं समुद्राकडे बघत होती. एवढं निसर्गप्रेम जिल्ह्यात दुसऱ्या गावात सापडणार नाही. स्कोअर लिहिणारा नामाकाका म्हणाला, “मी बेरीज करत होतो.” सहा वर्षं तो त्याच बेरजेवर अडून राहिला. साक्ष दिली ती फक्त रेवदंड्याच्या अकरा पोरांनी, तारखेमागून तारीख, आपापल्या होड्या किनाऱ्याला बांधून.

रत्नपालला दवाखान्यात नेत होते, तेवढ्यात कमिटीने तातडीची बैठक घेतली. पंच मैदानात उपलब्ध नसल्यामुळे त्याचा निर्णय रद्द समजण्यात आला. वहीत दोन वाइड चढले, ‘केतन नाबाद ४१’ असं लिहिलं गेलं आणि यजमान पाडळखार विजयी झालं. चषक सरपंच गणराज यांच्या दिवाणखान्यात गेला. गणराज केतनचे सख्खे काका.

रचनाचे वडील धर्माजी गुरुजी तेव्हापासून मैदानात पाय ठेवत नव्हते. बौद्धवाडीतून स्टँडवर जायची सरळ वाट मैदानातूनच जाते, पाच मिनिटांची. गुरुजी खाजणाच्या बांधावरून वळसा घालायचे, पाऊण तासाचा. आता सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. गेल्या पावसाळ्यात बांधावरून घसरून दोन तास चिखलात बसून होते. रचनाला शिक्षेपेक्षा एकच गोष्ट हवी होती : बाबांनी सरळ वाटेने स्टँडवर यावं.

संध्याकाळी ती गावात उतरली, तर स्टँडवर फ्लेक्स. ‘सत्याचा विजय! समस्त ग्रामस्थ मंडळ, पाडळखार.’ मधोमध रत्नपाल, खाली कमिटीतले चौदा जण, गॉगल लावून, कानाला मोबाइल. फ्लेक्सवाल्याने वाढदिवसाचाच साचा वापरला होता. अक्षरं बदलली होती, कोपऱ्यातले फुगे राहून गेले होते.

घरी पोचली तर कमिटी ओटीवर. सरपंच गणराज, वही काखेत घेऊन नामाकाका, आणि सनी, गावच्या सामन्यांचं माइकवरून धावतं वर्णन करणारा.

“जय भीम, गुरुजी,” गणराज म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदाच म्हणत असल्यामुळे जरा जोरात म्हणाले. “झालं गेलं, माझा पुतण्या असला तरी कायदा तो कायदा. आम्ही ठरवलंय, रविवारपासून ‘रत्नपाल स्मृती चषक’. रचना प्रमुख पाहुणी. शाल, श्रीफळ, दोन मिनिटं शांतता.”

“आणि सोफा,” सनी म्हणाला. “पाहुण्यांना सोफा आणतोय.”

गुरुजींनी चष्मा पुसला. “नामा, वही आणलीयेस?”

“आणली ना, गुरुजी.”

“मागचं पान काढ. केतन धावबाद, असं लिही.”

ओटीवर अशी शांतता पसरली की ती रविवारच्या दोन मिनिटांत धरायला हरकत नव्हती.

“गुरुजी,” गणराज हळूच म्हणाले, “केतनने खून केला. मान्य.”

“बरं.”

“जातीवरून केला. तेही मान्य. जज्जसाहेबांनीच लिहिलंय.”

“बरं.”

“पण आउट नव्हता हो तो!”

“आउट म्हटलं तर चषक रेवदंड्याला जातो,” नामाकाकाने अडचण समजावून सांगितली. “पोरांच्या भावना हायेत.”

“संशयाचा फायदा लिहू का?” सनीने सुचवलं. “नाहीतर रिटायर्ड हर्ट?”

“हर्ट कोण झालं होतं, सनी?” रचनाने विचारलं.

सनीने ओटीवरच्या कुंडीचं बारकाईने निरीक्षण केलं.

“माझ्या पोराने बोट उगाच वर केलं नव्हतं,” गुरुजी म्हणाले. “एवढं कबूल करा. नाहीतर सोफा परत पाठवा.” आणि ते उठून आत गेले.

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. जन्मठेपेवर सगळ्यांचं एकमत होतं. ती कमीच झाली, असंही काही जण म्हणाले. मात्र धावबादवरून दोन तट पडले. चहाच्या टपरीवर काड्या मांडून क्रीज आखली गेली. सहा वर्षांपूर्वी समुद्राकडे बघणाऱ्या चारशेंपैकी प्रत्येकाला आता बॅट नेमकी कुठे होती ते आठवत होतं, इंचांत. एकाने तर हायकोर्टात जायची भाषा केली, शिक्षेसाठी नव्हे, रनआउटसाठी.

“तुम्हाला एवढं दिसलं, तर कोर्टात का नाही सांगितलंत?” रचनाने गाडीत एकाला विचारलं.

“कोर्टात क्रिकेटचं कोनी इचारलं?” तो म्हणाला. “पुढच्या स्टॉपला उतरायचंय.”

रविवारी ती गेली. बाबा मैदानात आले नाहीत. मैदानाच्या कडेला सुरूच्या झाडाखाली आपल्या वाडीतल्या बायकांसोबत उभे राहिले, चुन्याच्या रेषेच्या बरोबर बाहेर.

उद्घाटनाचा रिवाज असा की सरपंच बॅट धरतात, पाहुणे हळूच चेंडू टाकतात, सगळे टाळ्या वाजवतात. रचना सोफ्यावरून उठली.

“चेंडू दुसऱ्याला टाकू दे,” ती म्हणाली. “मी पंच उभी राहते.”

कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. शालीच्या हिशेबात हे बसत नव्हतं, पण पाहुणीला नाही कसं म्हणणार? पहिला सामना रेवदंड्याशीच होता, म्हणून गोलंदाजीला त्यांचा एक पोरगा आला. त्याने अलगद चेंडू टाकला. गणराजनी अलगद टोलवला. इथे थांबायचं होतं. पण माणूस पंचवीस वर्षं पाडळखारसाठी ओपनिंगला खेळलेला, चेंडू बॅटला लागला की पाय आपोआप सुटायचे. पांढऱ्याशुभ्र लेंग्यात सरपंच धावले. कमलेश पॉइंटला होता. त्याचेही हात आपोआपच सुटणारे.

स्टंप उडाला. गणराज हातभर मागे होते.

रचनाने बोट वर केलं.

तिने ते तसंच धरून ठेवलं. मैदानात चारशे माणसं होती. समुद्र पलीकडेच होता, पण या वेळी कोणीच तिकडे बघेना, कारण प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि रेकॉर्डिंग चालू होतं.

“आणि... आउट!” सनी माइकवर ओरडला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि त्याने माइक नारळासारखा छातीशी धरला.

गणराज क्रीजवर उभे. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मोबाइलांकडे पाहिलं, बॅटकडे पाहिलं. बॅट काखेत मारून ते चालू लागले.

“उद्घाटनाचा चेंडू धरत न्हायत,” रचनाजवळून जाताना पुटपुटले.

“धरतात,” रचना म्हणाली.

ती थेट स्कोअरच्या टेबलाकडे गेली. नामाकाका वही उघडून बसला होता.

“लिहू?” त्याने विचारलं.

“लिहा. आणि सहा वर्षांपूर्वीचं पानपण काढा.”

नामाकाकाने सरपंचांकडे पाहिलं. सरपंच पॅड नसलेल्या पायांचे पॅड सोडण्यात गुंतले होते. मग त्याने सुरूच्या झाडाखाली पाहिलं. तिथे ज्याने त्याला बेरीज शिकवली होती तो माणूस उभा होता. नामाकाकाने पान काढलं आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली.

रचनाने खिशातला पेन पुढे केला, एसटीचा, दोऱ्याला बांधलेला.

“पेनाने, काका.”

दोरा आखूड होता. नामाकाकाला तिच्याजवळ वाकून लिहावं लागलं. ‘नाबाद’वर रेघ. ‘धावबाद’. मग दोन्ही वाइडवर रेघ. शेवटी त्याने बेरीज केली. या वेळी एका मिनिटात झाली.

“रेवदंडा एका धावेने विजयी,” तो हळूच म्हणाला, पण सनी माइक छातीशी धरून मागेच उभा होता आणि माइक चालूच होता. ते पार खाडीपर्यंत ऐकू गेलं.

धर्माजी गुरुजींनी चुन्याची रेषा ओलांडली. कोणाशी न बोलता, गुडघे सांभाळत, ते पिचच्या मधून चालत निघाले. गोलंदाज बाजूला झाला. जिथे रत्नपाल उभा होता तिथे ते जरा थांबले. मग पुढे, स्टँडच्या दिशेने.

“सामना थोडा वेळ थांबवण्यात येत आहे,” सनी म्हणाला. कोणी सांगितलं नव्हतं.

कमलेश सोफ्याजवळ आला.

“सरपंच, चषक?”

“घरी हाय,” गणराज म्हणाले. “बायकोने त्यात कोकमं भरलीत.”

“कोकमांसकट द्या,” कमलेश म्हणाला.

रचनाला ते ऐकू आलं नाही. ती घड्याळात बघत होती. पाच मिनिटांच्या वाटेला बाबांना अकरा मिनिटं लागली.