टेबलाखालचा एवाझिओ

"इटलीची संस्कृती तीन खांबांवर उभी आहे," रोमहून आलेला दिग्दर्शक आमच्या चर्चच्या मधोमध उभा राहून म्हणाला. "वाइन, चित्रकला आणि सिनेमा. आणि आज हे तिन्ही या भिंतीपाशी एकत्र येताहेत." मग आवाज खाली आणून त्याने मला विचारलं, की संडास कुठल्या बाजूला आहे. तो परत येईपर्यंत संस्कृती खोळंबली.

भिंतीवर बायबलातलं काना गावचं लग्न आहे. वाइन संपलीय आणि येशू पाण्याची वाइन करतोय. साठ वर्षांपूर्वी एका फिरत्या चित्रकाराने गावातलीच तोंडं घेऊन ते रंगवलं. नवरदेव म्हणजे बेकरीवाला, नवरी औषधवाल्याची मुलगी, आणि टेबलाखाली सुरई कवटाळून आडवा पडलेला तो एवाझिओ. नवरा गेला, नवरी गेली. बेवडा तेवढा शिल्लक आहे.

एवाझिओने जन्मभर द्राक्षबागवाल्यांच्या सोसायटीत वाइनच्या टाक्या धुतल्या. पोटात अल्सर, म्हणून जेवताना अर्धा पेला बार्बेरा, म्हणजे आमची इथली लाल वाइन, तीही पाणी घालून. आमच्या टेकड्यांत हे पाप पिऊन पडण्याहून मोठं. तरीही गाव त्याला बेवडाच म्हणतं, आणि सोसायटीच्या प्रत्येक बाटलीच्या लेबलावर तोच आडवा आहे.

"तोडणीचे दिवस होते हो. दिवसभर द्राक्षं तोडून आलो, चित्रकार म्हणाला आडवा हो. झालो. झोप लागली." हे तो साठ वर्षं सांगत आला. "सगळे बेवडे असंच म्हणतात," हे आम्ही साठ वर्षं म्हणत आलो. त्याची बायको देल्फीना मात्र कधी हसली नाही. ती दर रविवारी खांबाआडच्या बाकावर बसायची. तिथून टेबलाखालचं दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात तिची शवपेटी ठेवली ती नेमकी त्या भिंतीसमोर. तेव्हापासून एवाझिओचं एकच म्हणणं.

"माझी पेटी इथे येईल तेव्हा मी दोन ठिकाणी आडवा असेन. एका ठिकाणी तरी माणूस शुद्धीत असावा."

भिंत साफ करायला तुरिनहून आलेल्या लुदोविकाने आज परांचीवरून त्याला हाक मारली. "काका, वर येता का? तुमची सुरई भिंतीवरून सुटायला लागलीय."

एवाझिओ शिडी चढला. मध्ये दोनदा असा थांबला, की आम्हाला वाटलं विचार बदलला.

"बाकीचं चित्र ओल्या गिलाव्यावर काढलंय, ते भिंतीत मुरलंय," लुदोविका म्हणाली. "सुरई भिंत वाळल्यावर कोणीतरी वरून लावलीय. रंगवणाराही दुसराच. पुसू, की चिकटवून ठेवू? मला दोन्हीची परवानगी आहे. तुम्ही सांगा."

"चिकटव गं बाई," खालून सेकोंदो म्हणाला. हा सोसायटीचा अध्यक्ष; चित्रीकरणासाठी बाटल्यांची पेटी घेऊन आला होता. "लेबलं छापून पडलीयत. जर्मनीला माल जायचाय."

"सुरई गेली तर माझ्या चित्रपटात वाइन कुठली?" दिग्दर्शक म्हणाला.

सेकोंदोने आवाजात लोणी घातलं. "एवाझिओ, नीट विचार कर. सुरई आहे म्हणून निदान पिऊन पडलायस. ती गेली, तर प्रभू चमत्कार करतोय आणि तू खुशाल घोरतोयस. वर काय तोंड दाखवशील?"

"प्रभू सुताराचा पोरगा आहे," एवाझिओ म्हणाला. "दमलेला माणूस ओळखेल."

"पण लावली कोणी ही सुरई?" दिग्दर्शकाने विचारलं.

चित्राचा खर्च सोसायटीच्या तेव्हाच्या अध्यक्षाने केला होता, आणि तो सेकोंदोचा बाप. सेकोंदो खाली वाकून पेटीतल्या बाटल्या सरळ करायला लागला. त्या सरळच होत्या.

"पूस, पोरी," एवाझिओ म्हणाला.

कापसाचे बोळे तपकिरी होत गेले. सुरईचा कान गेला, पोट गेलं. खालून हात निघाला. उघडा, रिकामा, आणि अंगठ्याला चिंधी बांधलेली. एवाझिओने आपला अंगठा त्याच्या शेजारी नेला. द्राक्षं तोडायच्या कात्रीची जुनी खूण आहे तिथे, वाकडी, नखापर्यंत गेलेली. आम्ही ती जन्मभर पाहिली होती. कशाची, ते कोणी विचारलं नव्हतं.

चर्चमध्ये कोणी हसलं नाही. लुदोविका चष्मा पुसत बसली. दिग्दर्शकाने कॅमेरा चालू करायची खूण केली आणि फार हळू आवाजात म्हणाला, "एवाझिओसाहेब, साठ वर्षांचा कलंक आज धुऊन निघाला. जगाला दोन शब्द सांगा."

एवाझिओने त्या रिकाम्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग परांचीच्या कडेवरून खाली पाहिलं.

"सेकोंदो," तो म्हणाला, "शिडी धर जरा. गुडघा वळत नाहीये."