लाल उठलं तरच खरं

मी म्हशीच्या शिंगाची चकती बोलतेय. माझी तक्रार माणसाच्या कातडीबद्दल आहे, तेव्हा ताटावर बसला असाल तर आधी जेवून घ्या आणि मग ऐका.

व्हिएतनाममधल्या कान थो शहराच्या कडेला, कालव्याकाठी, न्यानबाईंच्या नवऱ्याने म्हैस पाळली होती. ती चिखलात लोळायची, शेणात बसायची, पण तिची मला कधी किळस वाटली नाही. ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा त्याने तिचं शिंग कापलं, घासून घासून तळहातात मावेल अशी गुळगुळीत चकती केली आणि बायकोच्या हाती दिली. तिथून माझे भोग सुरू झाले.

न्यानबाई वारं काढायच्या. आमच्याकडे कुणी शिंकलं, कुणाचं डोकं धरलं, की अंगात वारं शिरलं म्हणतात. मग पाठीवर हिरवं झोंबरं तेल चोळायचं आणि माझ्या कडेने खसाखसा खरवडायचं. लाल-जांभळे पट्टे उठले की वारं निघालं. काय सांगू त्या पाठींबद्दल? बीअर आणि सुकटीच्या घामाचा वास मारणाऱ्या, पुळ्यांनी भरलेल्या. मळाच्या काळ्या वळ्या माझ्या कडेला गोळा व्हायच्या. न्यानबाई त्या फडक्याला पुसायच्या आणि पुन्हा मला त्याच पाठीत घुसवायच्या. गिऱ्हाईक मात्र आरशात पाठ वळवून खूश व्हायचं.

"केवढं निघालं हो मावशी."

"वर्षाचं साठलं होतं बाबा तुझं," न्यानबाई म्हणायच्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा त्यावर ठाम विश्वास होता.

त्यांची लेक दिएप सायगॉनमध्ये चेहऱ्याच्या मसाजाचं काम शिकून परत आली. तिने पुढच्या खोलीत दोन खाटा टाकल्या, पडदे लावले आणि मला आईकडून मागून घेतलं. गवती चहाच्या कोमट पाण्यात मला धुतलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपली सुटका झाली.

"आई, तू मागच्या खोलीत पाठी घास, दुसरी चकती घे. चेहऱ्यांना हात लावू नकोस."

"का? माझ्या हाताला महारोग झालाय?"

"हात जड आहे तुझा."

न्यानबाईंना ते झोंबलं. "टेटच्या सणापर्यंत, नवं वर्ष लागेपर्यंत चालव तुझे लाड. नाही जमलं तर माझ्या शेजारी उभी राहून पाठी घासायच्या, सांगून ठेवते." दिएपने मान हलवली. तिच्या शिकण्याचं काय होणार, ते त्या सणावर येऊन ठेपलं.

चेहरे पाठींहून स्वच्छ असतात, असं मला वाटलं होतं. चुकलं माझं. क्रीमवर पावडर, पावडरवर घाम, घामावर पुन्हा क्रीम, असा त्यांचा थर. नाकाच्या कोपऱ्यात काळे दाणे. खोट्या पापण्यांचा डिंक मला चिकटायचा. बायका झोपी जाऊन तोंड उघडं टाकायच्या आणि मासळीच्या आमटीचा वास थेट माझ्यावर. आणि प्रत्येकीचा प्रश्न एकच, गोरी कधी होईन?

"गोरं करायचं औषध माझ्याकडे नाही," दिएप सांगायची. "सूज उतरेल, चेहऱ्यावर जरा रक्त खेळेल, बरं वाटेल. एवढंच."

तेवढं मात्र खरंच व्हायचं. तिचा हात इतका हलका, की तेलाच्या पातळ थरावरून मी नुसती सरकायचे. हनुवटीपासून कानापर्यंत, नाकाशेजारून कानशिलापर्यंत. डोळ्यांखालची सूज ओसरायची, आवळलेल्या भुवया सैल पडायच्या. किळस येत असूनही हे मला कबूल करावं लागतं.

लोआन नावाची एक मुलगी कपड्याच्या कारखान्यात शिवणाला होती. दिवसभर दात आवळून बसायची सवय, जबडा दगडासारखा झालेला. तोंड पुरतं उघडायचं नाही, भातसुद्धा चिमटीने खायची. दिएपने तिच्या गालांवरून मला हळूहळू फिरवलं. बऱ्याच खेपांनंतर एक दिवस ती खाटेवरून उठली आणि तोंड फाडून जांभई दिली. दोघी पोट धरून हसल्या. लोआनचा साखरपुडा ठरला, तेव्हा तिने आदल्या दिवशीही दिएपलाच गाठलं.

दिएप तिच्या तोंडावर गरम रुमाल ठेवून तेलाचं पार्सल घ्यायला धक्क्यावर गेली. इकडे लोआन शिंकली.

मागून न्यानबाई आल्या. "वारं लागलंय पोरीला. उद्या पाहुण्यांपुढे शिंकत बसणार का?"

"नको मावशी, ताई येतेच आहे."

"ती येईल आणि गोंजारेल. पड गुमान."

मोठ्या माणसाचा हात धरायचा कसा, म्हणून लोआन पडून राहिली. न्यानबाईंनी ते हिरवं तेल ओतलं आणि त्या कोवळ्या गालांवर, कपाळावर मला दाबून ओढलं. कातडी माझ्याखाली चुरगळत होती. मला माझीच शिसारी आली.

दिएप परतली तेव्हा चेहऱ्यावर जांभळे पट्टे होते. "आई, हे काय केलंस?"

"निघालं बघ सगळं," न्यानबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिएप पावडरी भरलेली पिशवी घेऊन लोआनच्या घरी गेली. त्या पिशवीत मीही होते. मुलाकडची मंडळी पान-सुपारीची लाल तबकं घेऊन आली. होणाऱ्या सासूने लोआनची हनुवटी उचलली, अंगठ्याने पावडर पुसली आणि पट्टे पाहिले. दिएप खाली मान घालून माफी मागायला पुढे झाली.

"कुणी काढलं वारं?" सासू म्हणाली. "हात पक्का आहे. मलाही तिथे घेऊन चला."

सणाच्या आत रांग लागली. सगळ्यांना न्यानबाई हव्या होत्या, सगळ्यांना चेहरा लाल करून हवा होता. दिएपच्या हाताने खूण उठत नाही, म्हणजे गुणही येत नाही, असं बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या. तिने पुष्कळ समजावलं. मग समजावणं सोडलं.

टेट सरला, पुढच्या खाटा न्यानबाईंनी घेतल्या आणि आता मी पुन्हा त्यांच्या मुठीत आहे. दिवसभर तेल, मळ, पिवळट कातडीचे पापुद्रे आणि वर आरशातलं कौतुक. काल लोआन सासूबरोबर आली होती. ती दिएपकडे बघत होती, पण सासूने खाट दाखवली ती न्यानबाईंची. मी गालावर टेकले, तर खाली जबडा पुन्हा दगड. दात आवळून तिने सगळं सोसलं आणि "बरं वाटलं" म्हणाली.

मला तुमचाही वीट आलाय, खोटं कशाला बोलू. तरी एक मागते. कधी आमच्याकडे आलात, तर पुढच्या खाटेवर पडू नका. मागच्या दारी जा आणि दिएपला हाक मारा. ती तिथे टॉवेल वाळत घालत असते.