पुलावर सुटलेली ट्रॉली

मित्रांनो, मी खांब गावातली एक जुनी चारचाकी ट्रॉली आहे. कोलाडच्या वर्कशॉपमध्ये माझा सांगाडा जोडला गेला आणि गिरजाबाईंनी हळदकुंकू लावून मला घरी आणलं. भाताचे भारे, वालाच्या गोणी, शेणखत, एकदा तर लग्नाचं वऱ्हाडसुद्धा मी वाहिलं. पण माझा खरा मान एक मेचा. महाराष्ट्र दिनाला अष्टमी गावाहून नदीवरचा पूल ओलांडून रोह्यात मिरवणूक जाते. तिचा चित्ररथ माझ्यावरच सजायचा.

पुढे गिरजाबाईंच्या मुलाने, मिथुनने, टेम्पो घेतला. मी गोठ्यामागे पडले. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. यंदा मिरवणुकीसाठी मला पुन्हा बाहेर काढलं. मिथुनने मला हौसेने रंगवलं. मात्र ट्रॅक्टरला मला जोडणाऱ्या पिनेला जागेवर धरणारी क्लिप गंजून तुटली होती, तिथे त्याने नुसती तार पिळली.

गिरजाबाईंनी विचारलं, "क्लिप नाय लावलीस?"

"तार हाय ना गो आये. पुलापल्याड तर जायचाय."

उन्हात मिरवणूक निघाली. माझ्यावर फेटे बांधलेल्या मुली होत्या, मागे बायकांचं लेझीम. पुलाच्या चढावर एक धक्का बसला, तार तुटली, पिन उडाली. मिथुन चालवत होता तो ट्रॅक्टर पुढे गेला आणि मी मागे घरंगळू लागले. मित्रांनो, मला ब्रेक नाहीत. मागे लेझीम वाजतच होतं.

"बाजूला व्हा गो पोरींनो!" बाजूने चालणाऱ्या गिरजाबाई ओरडल्या. बायका पांगल्या. लेझीम खेळणाऱ्या मालूची लेक समीक्षा माझ्यावर उभी होती. मालूने लेझीम टाकलं, कडेला कामासाठी पडलेला दगड उचलला आणि माझ्या मागच्या चाकाखाली सारला. गिरजाबाईंनी दुसऱ्या चाकाला दुसरा दगड लावला. मी करकरत थांबले.

बायका धावत माझ्याभोवती जमल्या. मग फेटा डोळ्यांवर आलेली समीक्षा वरून म्हणाली, "आई, परत एकदा?"

"परत म्हणं! उतर आधी खाली!" मालू रडता रडता हसली, आणि सगळा पूल हसला. मुलींना एकेक करून उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मिथुन ट्रॅक्टर थांबवून धावत आला आणि माझ्या दांड्यापाशी मटकन बसला. "आये, चुकलो," एवढंच म्हणाला. गिरजाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी हायत ना धड? मग ऊठ. नवी पिन आण, क्लिपसकट."

नवी पिन येईपर्यंत मुली पायीच पुढे गेल्या, "जय महाराष्ट्र" म्हणत, फेटे सावरत. मी मागून रिकामी गेले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, पण इतकं हलकं मला भरल्या वऱ्हाडातही वाटलं नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला रंगवता, माळा घालता, ते आवडतं हो. पण आम्हाला तोंड नाही. आम्ही फक्त करकरतो, खडखडतो. लेकरांना अंगावर घेऊन निघायच्या आधी कुणीतरी वाकून आमच्या खाली एकदा बघत जा.