मोकळ्या रस्त्यावरची धडधड

गाडी चालवायला शिकवणारे मास्तर मोठे निर्धास्त गृहस्थ. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर नेली, तरी ते ऐनवेळी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून शांतपणे विचारत, "भिंत दिसली नाही, की आवडली नाही?"

मग त्यांना साथीचा ताप आला. फुप्फुसांनी हात टेकले. नळ्या लावून मास्तर अतिदक्षता विभागात पडून होते. मरणाच्या दारातून परत आले, असं सगळे म्हणाले. तिथे त्यांना छतावरून नसलेलं पाणी उतरताना दिसे आणि नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधलेले असत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कामावर परतले आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारू लागले. छातीत धडधड, तळहाताला घाम, श्वास पुरेना.

"कुत्रं आडवं आलं," ते सांगत.

कुत्रं दुसऱ्या कुणाला दिसत नसे. शिकणारे एकेक करून गळाले. मास्तरांनी गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिकने चाकं खोलून पाहिली. "ब्रेक ठणठणीत आहे," तो म्हणाला.

घरी बायकोने हे ऐकून घेतलं. "मग गाडीचं झालं. आता तुम्हाला दाखवू या. अहो, झोपेत 'हात सोडा, हात सोडा' म्हणत असता."

मनाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. छताच्या पाण्याबद्दल मास्तर पहिल्यांदाच बोलले.

"मोठ्या आजारानंतर बऱ्याच जणांना असं होतं," बाई म्हणाल्या. "उपचार आहेत."

"एक्स-रेमध्ये दिसतं का?"

"नाही."

"मग लोकांना काय दाखवू?"

"दाखवू नका. सांगा."

गोळ्यांनी झोप लागू लागली. लोकांना मात्र ते कुत्र्याचंच सांगत राहिले. आता मास्तरांकडे एकच विद्यार्थिनी उरली होती, परीक्षेत वारंवार नापास होणाऱ्या ग्रंथपालबाई. एका दुपारी त्यांच्यासोबत असताना पुन्हा धडधड सुरू झाली.

"कुत्रं का, मास्तर?"

"नाही. मला भीती वाटतेय. जरा कडेला घ्या."

बाईंनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.

"सावकाश होऊ दे," त्या म्हणाल्या. "मला तर रोजच वाटते."

श्वास जागेवर आला, तसे मास्तर म्हणाले, "चला."

धडधड अजून अधूनमधून येते. नव्या माणसाला मास्तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. एकजण ऐकून उतरून गेला. बाकीचे शिकताहेत.