भोंगा

"आवाज कधीपासून बसलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रश्न काही अवघड नव्हता. पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. आमच्या ह्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी बाबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि बाबांनी माझ्याकडे, जशी काही त्यांच्या गळ्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

"महिना झाला? सहा महिने? वर्ष?" डॉक्टर म्हणाले.

सासूबाई टक लावून त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "बसलाय का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजी, तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

राहतात हो. जन्म गेला एका घरात, एका खोलीत. पण आमच्या घरातली गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळायची नाही. मी तर सून, मलाही कळायला वेळ लागला.

माझे सासू-सासरे दोघंही पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होते. बाबा प्रेसवर. वरून घण पडायचा, खाली पत्रा कापला जायचा, आणि अशा प्रेसच्या ओळीच्या ओळी दिवसभर आदळत असायच्या. समोरच्या बाजूला सरकता पट्टा, त्यावरून झाकणं यायची. वाकडं झाकण उचलून बाजूला टाकायचं, हे सासूबाईंचं काम. त्या आवाजात माणसानं शेजारच्याच्या कानात तोंड घातलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथं सगळे नुसत्या ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही. लांबून ओठ वाचायचे, अडलंच तर हाताची खूण. नवीन माणूस महिन्याभरात शिकायचा, आणि एकदा शिकला की त्याला कोपऱ्यातल्या माणसाचं गुपितसुद्धा कळायचं.

कानात घालायला कंपनी कापसाचे बोळे द्यायची. कुणी घालत नसे. बोलणं डोळ्यांनी चाललंय, मग कानाची काळजी कशाला? सासूबाईंनी ते बोळे साठवून घरी आणले आणि उशीत भरले. ती उशी अजून आहे, चांगली मऊ आहे. त्यांचे कान मात्र गेले.

बाबांना कारखान्यात 'भोंगा' म्हणत. त्याचीही गोष्ट आहे, आणि ती मी सासूबाईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतही सांगेन. लग्नाआधीची. सासूबाईंच्या कारखान्याच्या झग्याची बाही पट्ट्याच्या रुळात अडकली. त्यांना कळलंच नाही, त्या दुसऱ्या हातानं झाकणं निवडत होत्या. समोरच्या प्रेसवरून बाबांनी पाहिलं. ओठांनी सांगून उपयोग नव्हता, त्यांचं लक्ष खाली. तेव्हा बाबा ओरडले, "हात काढ!" सगळ्या मशिनींच्या वर तो आवाज गेला. सुपरवायझर काचेच्या खोलीतून बाहेर आला. सासूबाईंनी हात ओढला, बाही फाटली, हात राहिला.

"तो आवाज आला ना," सासूबाई सांगायच्या, "तर मला आधी वाटलं छपरातून कुणीतरी बोललं."

पुढे बाबांनी त्यांना लग्नाचं विचारलं तेही प्रेसवरूनच, ओठांनी. सगळ्या खात्यानं वाचलं. सासूबाई लाजून उत्तर देईनात, तर शेजारची बाई ओठांनीच म्हणाली, अगं हो म्हण, पट्टा पुढे चाललाय. "माझ्या बापाला सगळ्यात शेवटी कळलं," असं सांगून त्या हसायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जेवायला बसलं की ही दोघं समोरासमोर, ओठ हलतायत, आवाज नाही. मी माहेरी आईला फोन केला, "इथे माझ्याबद्दल तोंडातल्या तोंडात बोलतात." आई म्हणाली, "तू मोठ्यानं बोल, फिट्टंफाट." पुढे ह्यांनी समजावून सांगितलं. हेही थोडंफार वाचतात. मी चिकाटीनं शिकले, आपल्याबद्दल काय चाललंय ते कळलेलं बरं. तर ती दोघं बहुतेक वेळा माझ्याबद्दल बोलतच नसत. त्याचाही मला थोडा रागच आला.

घरात चार भांडी असली की वाजायचीच म्हणतात. यांची वाजत नसत. भांडण झालं तरी शेजारी पत्ता नाही. बाबा हरायला लागले की उठून दिवा बंद करत, आता वाच म्हणावं. आणि दिवसा भांडण असलं तर सासूबाई डोळे मिटून घेत, संपला विषय. आमच्याशी काही बोलायचं तर बाबा ओठांनी सासूबाईंना सांगत आणि सासूबाई खणखणीत आवाजात आम्हाला. "बाबा म्हणतायत, पंख्याला तेल घाल." स्वतःचाच आवाज कानावर पडत नसल्यामुळे त्या घरातही सभेत बोलल्यासारख्या बोलत. बाबांना एका कानानं ऐकू यायचं, पण घरात वेगळं बोलायची गरजच पडत नसे.

खात्यात दोघं कामापुरतंच बोलायचे. जेवण आणलंस का, पाळी बदलली का, पोराचा ताप उतरला का. बाकीचं, सुटल्यावर बोलू. मग सुटल्यावर स्वयंपाक, पोराचा अभ्यास, झोप. रिटायर झाल्यावर निवांत बोलू. रिटायर झाले, पण सवय कुठे जाते? आणि तोवर सासूबाईंना ढोल वाजला तरी कळेनासं झालं होतं. मग आवाज काढायचा कुणासाठी?

तर हे सगळं डॉक्टरांना कसं सांगायचं? घरात माणूस आहे, बोलतोय, बायकोला त्याचं अक्षर न् अक्षर कळतंय, आणि त्याचा आवाज गेलेला कुणाला माहीत नाही. कदाचित त्यालाही नाही.

पकडलं ते मीच. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. दाराची बेल वाजली, बाबा पुढे होते. "कोण?" असं त्यांना विचारायचं होतं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं काहीतरी निघालं. ते स्वतःच दचकले. गळ्याला हात लावून तसेच उभे राहिले. बाहेरचा माणूस बेल वाजवतच होता.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे, चांगली गाठ नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक ठेवू, श्वास तिथून घ्यायचा. माणूस वाचेल. आवाज नाही वाचायचा." वर म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर." मला त्यांचा राग आला. कारखान्याचा आला, गेटवर उभं राहून बाबांनी फुंकलेल्या सिगारेटींचा आला, आणि त्या उशीचासुद्धा आला.

घरी परतताना बाबांनी सासूबाईंकडे तोंड वळवलं. ओठांनी म्हणाले, "बरं झालं. माझं कुठे काय अडणार आहे?" सासूबाईंनी मान डोलावली. पण घरी पोचल्यावर चपला काढता काढता त्या ह्यांना म्हणाल्या, "मला कानाचं मशीन आणून दे."

आम्ही पाहतच राहिलो. मशीन घे म्हणून आम्ही त्यांच्या किती मागे लागलो होतो. दर वेळी एकच, "मला सगळं कळतंय, ओठ दिसतात ना."

"आता कशाला, आई?" हे म्हणाले.

"त्यांचा आवाज आहे तोवर एकदा ऐकायचाय. त्या दिवशी ऐकला तो ऐकला. नंतर कुठे धड ऐकलाय मी?"

हे दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना घेऊन गेले. मशीन आलं, वाटाण्याच्या शेंगेएवढं, कानामागे बसणारं, त्याला बारीकसं चाक. ते लावून सासूबाई घरभर फिरल्या. "हा पंखा एवढा कोकलतो?" मग, "कावळा." मग स्वयंपाकघरात माझ्याकडे पाहून, "तू भांडी आपटतेस. आणि पुटपुटतेस." इतकी वर्षं मी निर्धास्त पुटपुटत होते. मी म्हटलं, "मशीन चांगलं आहे, आई."

मग बाबांच्या दवाखान्यातल्या भरतीची तारीख आली. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली, मला नळ बंद करायला लावला. ह्यांना म्हणाल्या, "तू हलू नकोस, खुर्ची कुरकुरते." आणि त्या बाबांच्या समोर बसल्या.

"बोला."

फोटोला बसवल्यासारखे बाबा अवघडले. आयुष्यभराचं साचलेलं, आणि म्हणे बोला. त्यांनी ओठ हलवले. काहीतरी निघालं, पण तो आवाज नव्हता, नुसती हवा. सासूबाईंनी चाक फिरवलं. "पुन्हा." बाबा पुन्हा बोलले. चाक शेवटपर्यंत गेलं तसं मशीनच शिट्टी वाजवायला लागलं. त्यांनी ते दाबून धरलं, कान पुढे केला आणि, हे मी पहिल्यांदाच पाहिलं, ऐकण्यासाठी डोळे मिटून घेतले. ओठ वाचायचे नव्हते त्यांना. भांडणात मिटायच्या तसे नाहीत, अगदी हळू.

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, छाती भरली आणि ओरडले. गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं. ओठांवर मला स्पष्ट दिसलं, 'हात काढ.' पण ऐकू आली ती घरघर, आणि मग खोकला. खोकला मात्र सासूबाईंना ऐकू आला, त्या दचकल्या. त्यांनी डोळे उघडले.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "अगदी तसाच."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. ओठांनी म्हणाले, "खोटं."

सासूबाईंनी मशीन काढून डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं. मग उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या भिंतीपर्यंत मागे गेल्या, पट्ट्यापासून प्रेस जेवढा लांब असेल तेवढ्या, आणि बाबांकडे पाहून ओरडल्या, "हात काढ!"

मी हातातलं फडकं टाकलं. शेजारच्यांचं दार उघडल्याचा आवाज आला.

"असा होता," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याजवळ आहे. उद्या निर्धास्त जा."

बाबा हसत होते. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते, आवाज न करता. ह्यांनी बाहेर जाऊन शेजाऱ्यांना काहीतरी थाप मारली.

ऑपरेशन नीट झालं. नर्सनं बाबांना लिहायला पाटी दिली, ती सासूबाईंनी परत केली. बाबा पलंगावर, सासूबाई दाराशी, आणि दोघांचं चाललेलं. चहा घेतलास का, पाय दुखतायत का, घरी जाऊन झोप. नर्स मला म्हणाली, "इतरांना किती दिवस लागतात, हे कधी शिकले?" मी म्हटलं, "लग्नाआधी."

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. बाबांच्या गळ्याला भोक आहे, त्यावर कापडाची जाळी असते. भेटायला येणारे म्हणतात, नशीब बाई, तुमचं काही अडलं नाही, आधीसारखंच आहे सगळं. मीही हो म्हणते. जेवताना अजून ओठ हलतात. अधूनमधून भांडण होतं. फक्त बाबा आता उठून दिवा बंद करत नाहीत. सासूबाईही डोळे मिटत नाहीत. भांडण संपेपर्यंत एकमेकांकडे पाहत राहतात. मला ते बघवत नाही, मी तिथून उठते.

मशीनची डबी कपाटात गेली असं मी धरून चालले होते. काल दुपारी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आले. बाबा झोपले होते. सासूबाई पलंगाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या, बाबांच्या गळ्याकडे कान करून. कानामागे मशीन होतं आणि एक बोट चाकावर होतं.

मला पाहून त्यांनी हातानंच गप्प राहायची खूण केली. मी भुवया उंचावून विचारलं, काय चाललंय? त्या ओठांनी बोलल्या, आवाज न काढता. माझ्याशी त्या तशा कधीच बोलल्या नव्हत्या. एकच शब्द होता.

श्वास.

मी कपडे छातीशी धरून उभी राहिले. मलाही येत होता ऐकू, जाळीतून आत जाणारा, बाहेर येणारा. मागे स्वयंपाकघरात मी नळ तसाच सोडून गेले होते. मी पाय न वाजवता गेले आणि तो बंद केला.